तोडलेलं सुतक

फोन वाजला तेव्हा लसताचे दोन्ही हात उडदाच्या वाटणात होते आणि पाच महिन्यांची पोर पाठीला बांधलेली होती. स्वयंपाकघर सगळ्यात वर, कौलांखाली. फोन दोन जिने खाली. थोरली जाऊ संचारबंदीमुळे शहरात माहेरीच अडकली होती, म्हणून जत्रेचं सगळं रांधण एकट्या लसतावर पडलेलं. तिनं मनगटानं कपाळावरचे केस मागे सारले, हात फडक्याला पुसले आणि पोर उठणार नाही अशा बेतानं जिना उतरली.

"अष्टमान प्रधानांगांचं घर?" आवाज तरुण होता आणि बसलेला होता.

"हो. मी सून बोलतेय."

"इंद्रेश तुमचाच ना?"

लसतानं आधी मागे वळून पाहिलं. या घरात ते नाव कुणी मोठ्यानं घेत नसे.

"हॅलो? मी दवाखान्यातून बोलतोय. त्याच्या कॉलेजातला. काल रिंगरोडवर त्याला गोळी लागली, पोटात. रात्रभर शुद्धीवर होता. पहाटे गेला." मागे कुणीतरी ओरडत होतं, म्हणून तो थांबला. "घरचा नंबर विचारला तर म्हणाला, आमच्याकडे फोन नाही, मोठ्या अजांकडे आहे. हा नंबर त्याला पाठ होता. इथे घरचं माणूस लागेल, आजच्या आज. नाहीतर परस्पर जाळून टाकतील असं सगळे म्हणतायत."

"तुमचं नाव?"

"नाव राहू द्या," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

लसता तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली. इंद्रेश म्हणजे भिंतीपलीकडच्या बेखामानचा, तिच्या चुलतसासऱ्यांचा नातू; आणि त्याचे मोठे अजा, म्हणजे थोरले आजोबा, तिचे सासरे अष्टमान. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, की अंगणातल्या त्या भिंतीपलीकडे आपलं कुणी राहत नाही. पण पोर झाली तेव्हा इंद्रेश भिंतीवरून डोकावून म्हणाला होता, "काकू, काकाला पुतणी दाखवायची नाही म्हणजे काय? का, मी चावतो की काय?" तिनं हसत त्याला सांगितलं, तू तिचा काका नाहीस, चुलतभाऊ लागतोस. "तेच ते," तो म्हणाला, "इकडे द्या." दुपारी घर झोपलं की ती पोरीला भिंतीवरून त्याच्या हातात द्यायची. तो तिला उलटी धरायचा, आणि पोर न रडता त्याच्याकडे बघत राहायची.

पाठीवरच्या पोरीनं झोपेत उचकी दिली. लसता उठली.

गच्चीवर निनी लसूण सोलत बसली होती. निनी म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण हेरामाया, गावभर सगळ्यांची निनी. दर जत्रेला माहेरी यायची, दुपारचं जेवण थोरल्या भावाकडे, दाजूकडे जेवायची आणि संध्याकाळचं धाकट्याकडे, आणि दोघांनीही तिला त्याबद्दल कधी हटकलं नव्हतं.

"कुणाचा फोन? तुझ्या आईचा?" निनी म्हणाली. "सांगायचंस तिला, पोरीच्या टाळूवर तेल कमी पडतंय."

"इंद्रेश गेला, निनी."

"तो रोजच जातो मोर्च्याला. त्याच्या आजीनं कोंडून ठेवलं तर खिडकीतून गेला मेला."

लसतानं नाही अशी मान हलवली. निनीनं वर पाहिलं. मग हातातली पाकळी सोलून पुरी केली आणि ताटलीत ठेवली.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"बरं केलंस." निनीनं गुडघ्यावर हात रोवून स्वतःला उठवलं. "मी दुसऱ्या घरची. मला कुठलंच सुतक नाही, दोन्हीकडे पाय ठेवता येतो. आधी बेखाला सांगते. ज्याचं गेलंय त्याला आधी. तू तोवर गप्प राहा. आज या घरात खड्ग आहे."

खड्ग राजाचं होतं. अजिमा देवीचा रथ राजासमोर ओढायचा असे, आणि राजा काही या टेकाडावरच्या गावात येत नसे, म्हणून राजाच्या ऐवजी त्याचं खड्ग यायचं. ते रथापुढे धरून चालायचा मान प्रधानांगांच्या थोरल्या माणसाचा. त्यासाठी अष्टमान बिनमिठाचं एकवेळ जेवत होता, वेगळ्या खोलीत निजत होता आणि त्याला कुणी शिवत नव्हतं. सुतक असलेल्या हाताला खड्ग चालत नसे.

पण भिंतीपलीकडच्यांचं सुतक अलीकडे येत नव्हतं. ते सोळा वर्षांपूर्वी तोडलं होतं.

*

बेखामान वीजमंडळात लाइनमन होता. आधीच्या आंदोलनात, विक्रम संवत दोन हजार सेहेचाळीस साली, राजाच्या निषेधाला सगळा गाव संध्याकाळी दिवे मालवायचा. एकट्या अष्टमानची खिडकी उजळलेली असायची. "माझ्या घरातला दिवा मी कुणाच्या सांगण्यावरून लावत नाही आणि मालवतही नाही," असं तो म्हणायचा. एका संध्याकाळी बेखामान सरळ खांबावर चढला आणि भावाच्या घराची तार त्यानं पकडीनं कापली. चौकात टाळ्या पडल्या. त्याच अंधारात त्यांची आई जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ती पुन्हा उठली नाही आणि पावसाळ्यात गेली. अष्टमाननं धाकट्याला तिच्या तिरडीला खांदा लावू दिला नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर गुरुजूंना, घरच्या पुरोहितांना बोलावून, कुलदेवतेसमोर बसून, त्यानं विधिपूर्वक सुतक तोडलं. त्यानंतर अंगणात भिंत आली.

निनी गल्लीतून वळसा घालून गेली. बेखामान दारात बसून रेडिओ कानाशी धरून होता.

"ये निनी. आज सकाळीच? दाजूकडचं जेवण खारट होतं का?"

"रेडिओ बंद कर, बेखा."

त्यानं बंद केला. निनीनं उभ्याउभ्याच सांगितलं. बसून सांगितलं असतं तर तिला ते पुरं करता आलं नसतं. इंद्रेशचा बाप कतारला होता आणि आई पोर तान्हं असतानाच गेलेली. त्याला या दोघा म्हाताऱ्यांनीच वाढवला होता. आतून ज्ञानमाया, बेखामानची बायको, दारापर्यंत आली होती. तिनं तोंड उघडलं, आणि बेखामाननं चटकन उठून तिच्या तोंडावर हात ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "आवाज नको."

"बेखा, सोड तिला!"

"भिंतीला कान लावून बसलेत तिकडे. आज त्याच्या हातात खड्ग जायचंय. आपण रडलो की म्हणतील, बघा, मुद्दाम आजच मेलं. जत्रा मोडायला." ज्ञानमायाचे डोळे त्याच्या हातावर वाहत होते. "त्यांना आपलं सुतक लागत नाही. त्यांनीच ठरवलंय. मग आपण कशाला कळवायचं?"

"त्या घरीच फोन आला, येड्या. तुझ्या नातवानं तोच नंबर दिला होता."

बेखामानचा हात सैल झाला. तरीही ज्ञानमाया रडली नाही. ती भिंतीकडे तोंड करून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून पुढेमागे झुलत राहिली.

"मी आणायला जातो त्याला," बेखामान म्हणाला. चपला शोधू लागला, मग थांबला. "कर्फ्यू आहे ना."

"आहे."

"मग कसा जाऊ?"

निनी परत गल्लीकडे वळली.

*

भिंतीच्या अलीकडे पुष्पमान हाकिमांना तिसऱ्यांदा पाणी देत होता. पुष्पमान म्हणजे अष्टमानचा थोरला मुलगा, सरकारी कचेरीत सुब्बा, म्हणजे वरिष्ठ कारकून. आणि हाकिम त्याच्याच कचेरीतले वरचे साहेब. गुरुजू तांब्याच्या परातीसमोर बसले होते. परातीत लाल कापडात गुंडाळलेलं खड्ग. ढोलवाले भिंतीला टेकून विड्या ओढत होते. चौकातून आरोळ्या येत होत्या: रथ आमचा, दोर आमचा, खड्ग परत पाठवा.

"सुब्बासाहेब, किती वेळ अजून?" हाकिम हळू आवाजात म्हणाले. "वरून दोनदा विचारणा झाली. कुठल्याच गावात काही निघालेलं नाही. निदान तुमच्याकडचं निघू द्या. चार पावलं चालले तरी पुरे, मी लिहीन निघालं म्हणून."

"बा तयार होतायत, हजूर."

निनीनं दारातून पुष्पमानला खूण केली आणि भाताच्या कोठीच्या खोलीत नेऊन सगळं सांगितलं. पुष्पमाननं टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

"पोर चांगलं होतं," तो म्हणाला. "पण आपल्याला सुतक नाही, निनी. गुरुजू बाहेरच बसलेत, विचार हवं तर."

"मी शास्त्र विचारायला नाही आले. तुझ्या बाला कोण सांगणार, ते विचारतेय."

"परत आल्यावर सांगू ना. दुपारपर्यंत आटपतं सगळं. आत्ता सांगून काय होणार? मन विचलित होईल, बाकी काय!"

"आणि पोर तिथे पडून राहील."

"दोन तासांनी काय फरक पडतो?"

मागचं दार ढकलून बिकेश आत आला. धाकटा मुलगा, लसताचा नवरा. सकाळपासून चौकातल्या पोरांत होता. घसा बसलेला, अंगाला रथाच्या दोराचे तंतू चिकटलेले.

"दाजू, मी शेवटचं सांगायला आलोय. बांना बाहेर आणू नकोस. पोरं माझं ऐकायची, आता नाही ऐकत. विटा जमवल्यात."

"तूच शिकवलंस त्यांना."

"मी शिकवलं नाही, मी त्यांच्यासोबत उभा आहे. फरक आहे त्यात."

"फरक विटेला कळतो का?"

"पुरे," निनी म्हणाली, आणि तिसऱ्यांदा तीच गोष्ट सांगितली. या वेळी ती दोनच वाक्यांत झाली.

बिकेश भाताच्या पोत्यावर बसला. काही वेळ त्यानं जमिनीवरचे सांडलेले दाणे बोटानं एकत्र केले. मग ताडकन उठला.

"मी चौकात सांगतो."

"काय सांगणार?" लसता जिन्यावरून उतरत होती. पोर जागी झाली होती, तिनं तिला पुढे घेतलं होतं.

"की इंद्रेशला मारलं. ज्याच्या हुकमानं मारलं त्याचं खड्ग आज कुणी बाहेर काढून दाखवावं."

"बाहेर कोण काढणार आहे ते? तुमचेच बा. विटा कुणाला लागतील?"

बिकेशनं दाराकडे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"ऐक जरा बायकोचं," पुष्पमान म्हणाला.

"तुम्हीही ऐका, दाजू." लसतानं आवाज चढवला नव्हता; पोर छातीशी होती. "तुम्हाला लपवायचंय, ह्यांना ओरडायचंय. त्याला घरी आणायचं कुणाच्याच डोक्यात नाही. तो तिथे एकटा आहे. आणि मरताना त्यानं या घरचा नंबर दिला. मी जाते वर."

"तू शिवलीस तर विटाळ होईल त्यांना!"

"उंबऱ्याबाहेरून सांगेन."

पुष्पमान जिन्याच्या तोंडाशी आडवा झाला. निनीनं त्याचा दंड धरला; लहानपणी कान धरायची तसाच. त्यानं बिकेशकडे पाहिलं, बहुधा त्याला आधार हवा होता. बिकेश त्याच्याकडे न बघता बायकोसाठी वाट करून उभा होता. पुष्पमान बाजूला झाला, आणि लसता पोर निनीकडे देऊन वर गेली.

*

अष्टमान कमरेचा पटका बांधत होता. पटका सात हाताचा. एक टोक दाराच्या कडीला अडकवून स्वतःच गोल फिरत बांधायचा, कारण दुसऱ्याचा हात लागून चालत नसे. गेल्या वर्षीपर्यंत हे त्याला सहज जमायचं. आता फिरताना डोकं हलकं होत होतं.

चौकातल्या आरोळ्या त्याला ऐकू येत होत्या. तो घाबरला नव्हता. विटा येणार हेही त्याला कळत होतं. राजे त्यानं चार पाहिले होते, तेही नोटांवर; त्यांच्यातल्या एकाबद्दलही त्याला फारसं प्रेम नव्हतं. त्याच्या बापानं खड्ग धरलं होतं, बापाच्या बापानं धरलं होतं. धरायचं म्हणजे खाली ठेवायचं नाही, एवढंच त्याला शिकवलं होतं.

"बा."

उंबऱ्याबाहेर सून उभी होती.

"तिथेच थांब, सूनबाई. काय झालं? पोर रडतेय का?"

"बा, एक पोर गेलंय. रिंगरोडवर. गोळी लागून."

"कुणाचं?"

"पलीकडचं. इंद्रेश."

पटक्याचं टोक कडीला अडकलेलंच होतं. अष्टमान दोन फेरे आत होता, तीन राहिले होते. तो तसाच उभा राहिला.

"तुला कुणी सांगितलं?"

"दवाखान्यातून फोन आला. आपल्याच नंबरवर. त्यानं सांगितलं म्हणे, घरी फोन नाही, मोठ्या अजांकडे आहे."

"असं म्हणाला?"

"मोठ्या अजांकडे, असंच म्हणाला."

अष्टमाननं भिंतीकडे, म्हणजे पलीकडच्या घराच्या दिशेनं, मान वळवली. बराच वेळ ऐकत राहिला. ढोलवाल्यांपैकी कुणीतरी खोकत होतं. चौकात आरोळ्या. बाकी काही नाही.

"रडण्याचा आवाज कसा नाही?"

लसतानं खाली पाहिलं. हे सांगावं की नाही, याचा तिनं जिना चढताना विचार केला नव्हता.

"बेखा अजांनी रडू दिलं नाही. म्हणाले, तुम्हाला वाटेल जत्रा मोडायला मुद्दाम."

आईची तिरडी निघाली तेव्हा बेखा गल्लीच्या तोंडाशी उभा होता, पावसात, टोपी हातात घेऊन. अष्टमाननं त्याच्याकडे पाहिलं नव्हतं, पण तो तिथे उभा आहे हे त्याला सगळा वेळ ठाऊक होतं. तोही तेव्हा रडला नव्हता. घरात बसून रडला असेल. तेही अंगणापलीकडे ऐकू येऊ नये म्हणून दाबून रडला असेल, हे अष्टमानच्या आज पहिल्यांदा मनात आलं.

"पुष्पमानला ठाऊक आहे?"

"हो."

"काय म्हणतो?"

"म्हणतात, सुतक नाही लागत. परत आल्यावर सांगू."

"शास्त्रानं बरोबर आहे त्याचं." अष्टमाननं कडीचं टोक सोडवलं आणि पटका उलट्या बाजूनं, फेरे मोजल्यासारखा, सोडायला लागला. "जा तू. मी येतो खाली."

*

तो अंगणात आला तेव्हा ढोलवाल्यांनी विड्या विझवल्या आणि हाकिम उठून उभे राहिले. कमरेला पटका नाही, हे आधी फक्त गुरुजूंच्या लक्षात आलं. तरी त्यांनी सवयीनं मंत्र म्हणत परात उचलली आणि पुढे केली. पहिला ढोल पडला.

अष्टमाननं हात पुढे केले नाहीत.

"मला सुतक आहे, गुरुजू."

ढोल थांबला. पुष्पमान पुढे झाला. "बा, आपल्याला नाही लागत. गुरुजू, सांगा ना!"

"नाही लागत," गुरुजू म्हणाले. परात जड होती, त्यांनी ती कमरेला टेकवली. "मीच विधी केला होता, अष्टमान. तुम्हीच करवून घेतलात. मी तेव्हाही विचारलं होतं, पक्कं ना? तुम्ही म्हणालात, पक्कं."

"म्हणालो होतो."

"मग?"

"आज दवाखान्यानं मला कळवलं, त्याचा आजा म्हणून. मी तो नाही, असं सांगू का त्यांना?"

गुरुजूंनी परात हळूच पाटावर ठेवली. हाकिमांनी पुष्पमानकडे पाहिलं. "कोण गेलं? काय चाललंय?"

"बांच्या भावाचा नातू, हजूर. रिंगरोडवर."

हाकिमांनी रुमाल काढला, पण घाम पुसला नाही. नुसता हातात धरून राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "वाईट झालं. पण मग... बापानंतर मुलगा, असं चालतं ना? सुब्बासाहेब, तुम्ही? शास्त्रानं तर तुम्हाला मोकळीकच आहे. गुरुजूंनीच सांगितलं."

"त्यालाच विचारा," अष्टमान म्हणाला. "मी त्याला नाही म्हणणार नाही."

पुष्पमान परातीकडे बघत उभा राहिला. बढतीची फाईल याच हाकिमांच्या टेबलावर होती, आणि हे अंगणातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बिकेशलाही, जो मागच्या दारात उभा होता. आपण खड्ग धरणारच, असं पुष्पमान लहानपणापासून गृहीत धरत आला होता. दहा वर्षांचा असताना तो लाटणं कापडात गुंडाळून अंगणात फेऱ्या मारायचा, आणि पलीकडचा बेखाकाका, तेव्हा भिंत नव्हती, त्याच्यापुढे डबा बडवत चालायचा.

तो खाली बसला आणि चामड्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. एका नाडीला गाठ बसली होती. "हा बूट नेहमी असाच करतो," तो कुणालाही उद्देशून न म्हणता म्हणाला. दोन्ही बूट काढून त्यानं भिंतीशी ठेवले, मग कमरेचा चामडी पट्टा काढला आणि बुटांवर ठेवला. सुतकात चामडं अंगावर चालत नाही.

"आणखी कोणी?" हाकिम म्हणाले.

"घरभर सुतक आहे," अष्टमान म्हणाला.

"मग मी काय लिहू?"

"लिहा, माणूस मिळाला नाही."

हाकिमांनी गुरुजूंकडे पाहिलं. गुरुजू परातीवर कापड सारखं करत होते. ढोलवाल्यांतला म्हातारा हळूच म्हणाला, "मग आम्ही रथाकडे जाऊ का? देवीला तर सुतक नाही ना?" कुणी नाही म्हटलं नाही, तेव्हा ते निघाले. राजाचं खड्ग पाटावर राहिलं. त्याला आत नेऊन ठेवायचं, तर तेही सुतक नसलेल्या प्रधानांगालाच करता आलं असतं.

अष्टमान गल्लीतून वळसा घालून पलीकडे गेला. निनी मागोमाग. बेखामान दाराच्या पायरीवर बसलेला होता, एका पायात चप्पल.

"काय हवंय?" बेखामान म्हणाला.

"मी तोडलं होतं ते परत घ्यायला आलोय."

"असं परत घेता येत नाही. गुरुजू लागतात. कुलदेवता लागते."

"गुरुजू तिकडेच बसलेत. बोलावतो मागून." अष्टमान उंबऱ्यापलीकडे बघत म्हणाला, "ज्ञानमाया, रड आता. मी ऐकायलाच आलोय."

आतून जो आवाज आला तो भिंतीपलीकडे, चौकापर्यंत गेला. चौकात आरोळ्या हळूहळू थांबल्या. बेखामान दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता. अष्टमान त्याच्या शेजारी, त्याच पायरीवर टेकला. सोळा वर्षांत पायरीची कड झिजली होती, दोघांच्या बुडाला जेमतेम पुरली.

"त्याला आणायला कोण गेलंय?"

"कोण जाणार? कर्फ्यू आहे."

"हाकिमाची जीप गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. त्यांना कर्फ्यू नाही."

"तो कशाला देईल?"

"त्याला आज दुसरं काही काम उरलेलं नाही," अष्टमान म्हणाला.

हाकिमांनी दिली. थोडा वेळ विचार केला, इकडेतिकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला सांगितलं की रस्त्यात कुणी विचारलं तर साहेबांच्या कामाला निघालोय म्हणायचं. जीप का दिली, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

चौकातून जाताना पोरांनी जीप अडवली. सरकारी पाटी बघून दोघातिघांनी विटा उचलल्या. बिकेश धावत आला.

"सोडा. आमच्या घरचं माणूस आणायला चाललेत."

पोरांनी आत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांकडे पाहिलं आणि बाजूला झाली. एकानं बिकेशच्या हातात दोर दिला. "दाजू, चल. सगळे म्हणतायत पहिला हात तुझाच. खड्ग नाही, हाकिम नाही, आज आपणच ओढायचा!"

बिकेशनं दोर हातात घेतला. महिनाभर तो याच दिवसासाठी घसा फोडत होता. मग त्यानं तो त्या पोराच्या हातात परत दिला.

"मला सुतक आहे," तो म्हणाला. "तुम्ही ओढा."

जीप उताराला लागण्याआधी अष्टमाननं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. पुढचं दार उघडलं, खाली उतरला आणि मागचं दार धरून उभा राहिला.

"काय झालं?" बेखामान म्हणाला.

"पुढे बस. मागे तुला गाडी लागते."

"आता नाही लागत," बेखामान म्हणाला, आणि उतरून पुढे जाऊन बसला.